बंद लिफ्टचे नव्वद मजले

लिफ्ट सुरू झाली, ही बातमी मामा घरी आल्याआल्याच सांगणार होते. वाटेत त्यांनी वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. पण चपला काढून आत गेले, तर ताट वाढून तयार होतं. ताटात भाताचा डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी लोण्यात परतलेले सहा बटाटे, दोन उकडलेली अंडी, वाटीभर दही आणि कडेला एक केळं. मामांनी विचार केला, गरम आहे तोवर खाऊन घ्यावं. लिफ्ट काय, कुठे पळून जाते?

एका अकरा मजली कचेरीत मामा सव्वीस वर्षं लिफ्टमन होते. सगळी कचेरी त्यांना मामा म्हणायची. घरी फोन करणारे कारकून त्यांच्या बायकोला आपोआपच मामी म्हणायला लागले आणि पुढे शेजाऱ्यांनीही तेच उचललं. मामांचं काम म्हणजे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बटणं दाबायची. काम वाईट नव्हतं. फक्त संध्याकाळी घरी गेल्यावर "आज फार दमलो" असं म्हणायची सोय नव्हती. एकदा म्हणून पाहिलं होतं, तर मामी म्हणाल्या होत्या, "कशाने? बटण घट्ट होतं का?"

आणि मग लिफ्ट बिघडली. पूर्ण नऊ दिवस बिघडली. रिकामा लिफ्टमन दिसला की साहेबलोकांना काम सुचतं. मामांना फायली आणि टपाल घेऊन जिन्याने वरखाली पिटाळलं गेलं. पहिल्या दिवशी ते घरी आले ते भिंत धरून. मामींनी न विचारता गरम पाण्याची बादली आणली, मीठ टाकलं आणि म्हणाल्या, "पाय सोडा यात." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

योगायोग असा की त्याच आठवड्यात त्यांच्या धाकट्या मुलीचा प्रकल्प सुरू झाला होता. थोरली लग्न होऊन गेलेली. धाकटी आहारशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला एका माणसाचं खाणं आणि हालचाल दीड महिना मोजायची होती. कामाच्या दिवशी किती कॅलरी लागतात, सुट्टीच्या दिवशी किती, आणि त्याप्रमाणे ताट कसं बदलायचं, असा विषय होता. माणूस घरातच होता. तिने कॉलेजातून मिळालेला काळा पट्टा बाबांच्या मनगटावर बांधला. पट्टा पावलं मोजायचा, चढलेले मजले मोजायचा आणि संध्याकाळी सगळं तिच्या फोनवर ओतायचा. फ्रिजवर दोन कागद लागले. एकावर 'कामाचा दिवस : ३४००', दुसऱ्यावर 'सुट्टीचा दिवस : १८००'. त्या नऊ दिवसांत मामांचं वजन चौऱ्याहत्तरवर खिळ्यासारखं स्थिर राहिलं. धाकटीचा हिशोब चोख होता. तिच्या मॅडमनी वहीवर 'उत्तम' असा शेरा दिला आणि तिने तो घरातल्या प्रत्येकाला दोनदोनदा दाखवला.

तर मामा चौथा बटाटा तोंडात टाकत होते, तेव्हा धाकटी फोन बघून ओरडली, "बाबा, आज एकशे चाळीस मजले?"

मामांचा घास तोंडातच राहिला. आज तर ते सकाळपासून स्टुलावर बसून होते.

"लिफ्ट अजून बंदच आहे का हो?" मामींनी विचारलं.

मामांची मान हलली. आता याला खोटं बोलणं म्हणता येईल का, यावर मामांनी पुढे बराच विचार केला. तोंडात बटाटा होता, त्यामुळे बोलणं असं काही झालंच नव्हतं. पण मान वरखाली हलली होती हे खरं, आणि मामींनी पाण्याची बादली आणली हेही खरं.

दुसऱ्या दिवशी मामांनी पट्ट्याचा छडा लावला. स्टुलावर बसल्याबसल्या गुडघ्यावर ठेका धरायची त्यांना जुनी सवय होती. हात हलतोय, म्हणजे माणूस चालतोय, असं पट्ट्याला वाटायचं. लिफ्ट वर जातेय, म्हणजे माणूस चढतोय, असंही त्याला वाटायचं. दोन्ही मिळून पट्ट्याची खात्री पटायची की हा इसम तालात जिने चढतोय. ठेका थांबवला की मजले थांबायचे. मामांनी तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा पाचव्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई म्हणाल्या, "मामा, आज गाणं अर्धवटच सोडताय."

सरळ माणसाने त्या दिवशी पट्टा काढून खिशात ठेवला असता. मामांनी एकशे चाळीस हा आकडा जरा जास्तच होतोय, एवढंच मनाशी ठरवलं. घरच्यांना संशय येईल. नव्वद ठीक. त्यांनी पट्ट्यावर नव्वदचा इशारा लावून घेतला. मग रोज दुपारपर्यंत ठेका धरायचा आणि नव्वद झाले की हात मांडीखाली दाबून बसायचं, असा क्रम सुरू झाला. त्यांचं त्यांनाच आवडत नव्हतं. मांडीखाली दाबलेला हात बधिर व्हायचा, तेव्हा त्यांना चोराला बांधून ठेवल्यासारखं वाटायचं. पण संध्याकाळी घराचं दार उघडायचं, मामी विचारायच्या, "फार दमलात का हो?" आणि त्या एका प्रश्नापुढे मामांचं काही चालायचं नाही.

दोन आठवड्यांत कोटाचं मधलं बटण लागेना. तिसऱ्या आठवड्यात ते तुटून लिफ्टच्या फटीतून खाली गेलं. घरी वजनकाट्यावर धाकटी भुवया आक्रसून वाकून बघायची.

"सत्याहत्तर," ती म्हणाली. "कसं शक्य आहे? एवढं चढून वजन वाढतंय?"

"हाडं जड होत असतील," मामी म्हणाल्या. "रोज एवढा भार उचलायचा म्हणजे."

"आई, हाडं अशी जड होत नाहीत. माझंच काहीतरी चुकतंय. सुट्टीच्या दिवशी जास्त देतेय मी बहुतेक."

झालं. फ्रिजवरच्या दुसऱ्या कागदावर अठराशे खोडून पंधराशे झाले. पुढच्या आठवड्यात चौदाशे. कामाच्या दिवसाला मात्र तिने हात लावला नाही. जिने चढणाऱ्या बापाच्या तोंडचा घास कसा काढायचा?

मामांची सुट्टी गुरुवारी असायची. कचेरी तेव्हा चालूच असे आणि लिफ्टवर बदलीवाला बसायचा. चौदाशेचा पहिला गुरुवार उजाडला. सकाळी एक अंडं आणि पावाचा एक पातळ तुकडा. दुपारी काकडी, पानकोबी, मूठभर भात. आठवडाभर डोंगर खाल्लेल्या पोटाने तीन वाजता बंड पुकारलं. मामा घरात इकडून तिकडे फिरले. फ्रिज उघडला, तर आतल्या प्रत्येक डब्यावर धाकटीने वजन लिहून ठेवलं होतं. त्यांनी फ्रिज हळूच लावला, "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणाले आणि सरळ कचेरीत गेले.

"मामा, सुट्टीच्या दिवशी इकडे?" बदलीवाल्याने विचारलं.

"सवय रे. करमत नाही."

"कितवा?"

"कितवाही चालेल."

मामा लिफ्टच्या कोपऱ्यात उभे राहिले आणि मांडीवर ठेका धरून तीन वेळा खालून वर गेले. बदलीवाला बिचारा त्यांच्याकडे बघायचा आणि नजर वळवायचा. निवृत्ती जवळ आली की माणसांचं असं होतं, हे त्याने ऐकलं होतं. खाली उतरताना त्याने मामांचा खांदा थोपटला आणि म्हणाला, "मामा, कधीही या." मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पट्ट्यावर तेहतीस मजले होते.

"टेकडी चढून आलो," घरी त्यांनी सांगितलं. गावाबाहेरच्या तळ्यापलीकडे एक टेकडी होती.

"सुट्टीच्या दिवशी टेकडी?" मामींचे डोळे भरून आले. "अहो, आठवडाभर राबून पुन्हा टेकडी? स्वतःला किती त्रास करून घ्याल?"

धाकटीने मुकाट्याने फोन बघितला, तीनशे कॅलरी वाढवल्या आणि ताटात दोन बटाटे आणि एक अंडं आलं. मामांनी ते खाल्लं. खाताना मान वर केली नाही.

यानंतर सगळं आणखीच बिघडलं. आधी कामाच्या दिवसाचं गणित जुळत नव्हतं, आता सुट्टीच्या दिवसाचंही जुळेना. पाचवा आठवडा संपला तेव्हा काटा एकोणऐंशीवर होता. मॅडमनी वही परत दिली. 'उत्तम'च्या खाली आता लाल शाईत लिहिलं होतं : 'आकडे विसंगत. शुक्रवारच्या सादरीकरणाआधी दुरुस्त न झाल्यास विषय बदलून पुढच्या सत्रात नव्याने सुरुवात करावी.' हा शेरा धाकटीने कोणाला दाखवला नाही. मामांनी तो तिच्या मागे उभं राहून वाचला. ती टेबलाशी बसून एकच बेरीज चौथ्यांदा करत होती. खोडरबराने कागदाला भोक पडलं होतं.

"मला साधी वजाबाकी येत नाही बाबा," ती वर न बघता म्हणाली. "मी लोकांना काय खायचं ते सांगणार? तुमचंच वाटोळं करून ठेवलं मी."

आता मात्र त्यांनी तोंड उघडलं.

"धाकटे, ते लिफ्टचं जरा..."

"लिफ्टचं नाव काढू नका माझ्यासमोर," आतून मामी कडाडल्या. "सहा आठवडे होऊन गेले. एक लिफ्ट दुरुस्त करता येत नाही यांना? छप्पन्न वर्षांच्या माणसाला हमालासारखं वापरतायत. बघतेच मी."

"अगं, तू काय बघणार?"

"ते मी बघेन. तुम्ही जेवा."

मामा जेवले. उद्या नक्की सांगू, असं त्यांनी ठरवलं. हे ते पाच आठवडे ठरवत होते, त्यामुळे त्यांना त्याचा चांगला सराव झाला होता.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. दुपारची वेळ. मामा स्टुलावर बसून ठेका धरत होते, सत्त्याऐंशी झाले होते, आज लवकर आटपेल असं वाटत होतं. लिफ्टमध्ये दोन कारकून होते. तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी बटण दाबलं. लिफ्ट थांबली, दार सरकलं. मामांनी सवयीप्रमाणे मान खाली ठेवूनच विचारलं, "वर की खाली?"

धापा टाकल्याचा आवाज तेवढा आला. मामांना समोर कॅनव्हासचे बूट दिसले. हे बूट ओळखीचे होते. धाकटीचे जुने. त्यावर साडीचा काठ होता, तोही ओळखीचा.

"वर," मामी म्हणाल्या. "अकराव्यावर. मोठ्या साहेबांकडे."

त्या आत आल्या. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद, कपाळावर घामाचे थेंब. लिफ्ट बंद आहे या समजुतीने त्या जिन्याने निघाल्या होत्या. तिसऱ्यावर टेकल्या, तेव्हा कोणीतरी म्हणालं असणार, की मावशी, लिफ्ट आहे की. मामांनी बटण दाबलं. बोट चुकून पाचावर पडलं, मग अकरावर. धरणीने पोटात घ्यावं असं वाटायला पायांखाली धरणीसुद्धा नव्हती, तीन मजले पोकळी होती.

लिफ्ट पाचव्यावर विनाकारण थांबली. दार उघडलं, बंद झालं. कारकून सातव्यावर उतरले. त्यातला एक जाताजाता म्हणाला, "मामा, आज गाणं नाही का?"

सातव्यापासून अकराव्यापर्यंत दोघंच होते. इतकी वर्षं मामा ही लिफ्ट चालवत होते, पण हे चार मजले एवढे लांब आहेत याचा त्यांना पत्ता नव्हता. ठेका केव्हाच थांबला होता, पण हात इतका थरथरत होता की पट्ट्याला तेवढं पुरे झालं. तो जोरात गुरगुरला आणि त्याच्यावर हिरवा दिवा लागला.

"काय म्हणतंय ते?" मामींनी विचारलं.

"नव्वद झाले म्हणतंय."

"हं," मामी म्हणाल्या. "माझे तीन झाले. पायांनी."

अकरावा आला. दार उघडलं. समोर मोठ्या साहेबांची काचेची केबिन दिसत होती. मामी जागच्या हलल्या नाहीत.

"आता साहेबांना काय सांगू?" त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगा. लिफ्ट फार छान चालते म्हणून सांगू?"

"अगं, मी आजच सांगणार होतो."

"कधी सुरू झाली?"

"झाले... पाच आठवडे."

मामींनी हातातला कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. "खाली न्या मला. आणि नेताना हे वाचा."

मामा अकराव्यापासून तळमजल्यापर्यंत वाचत आले. मामींचं अक्षर मोठं आणि ठळक होतं. 'महोदय, माझे पती तुमच्या कचेरीत सव्वीस वर्षे प्रामाणिकपणे नोकरी करत आहेत. ते तक्रार करणार नाहीत, कारण त्यांचा स्वभाव तसा नाही. रात्री झोपेत त्यांचे पाय थरथरतात. आजवर मी त्यांच्या कामाला हसत आले, याचे मला वाईट वाटते. लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत त्यांच्या जागी कोणी तरुण माणूस नेमता येत नसेल, तर रोज दुपारी दोन तास मी येऊन फायली वर नेईन. मला पगार नको.'

तळमजला आला. दार उघडलं, बाहेर सहासात माणसं उभी होती. मामा कागद हातात धरून बसून राहिले. 'प्रामाणिकपणे' या शब्दावरून त्यांची नजर पुढे सरकत नव्हती.

"मामा, चौथा," कोणीतरी म्हणालं.

मामी बाहेर पडल्या. जाताना वळून म्हणाल्या, "माझं राहू द्या. मी काय, दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेन. धाकटीला सांगा. आज. जेवायच्या आधी." शेवटचे तीन शब्द त्यांनी लिफ्टमधल्या सगळ्यांना ऐकू जातील असे उच्चारले.

त्या संध्याकाळी ताट वाढलेलं नव्हतं. धाकटी टेबलाशी वही उघडून बसली होती. मामा तिच्यासमोर बसले आणि सांगायला लागले. लिफ्ट, ठेका, मांडीखालचा हात, सगळं. सांगताना ते टेबलावरच्या खोडरबराकडे बघत होते. मामी स्वयंपाकघराच्या दारात पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"आणि टेकडी?" धाकटीने विचारलं.

"टेकडीसुद्धा लिफ्टच."

"टेकडीसुद्धा?" तिचा आवाज चिरकला. "पण का बाबा? भूक एवढी होती, तर मागायचं होतं."

"भुकेचं नव्हतं ते," मामा म्हणाले. "सव्वीस वर्षं मी बसून असतो. दमलात का, असं कोणी विचारायचा प्रश्नच नव्हता. त्या नऊ दिवसांत तुम्ही विचारलंत. मला ते... सोडवेना. लाज वाटते मला. तुझ्या वहीवर ती लाल अक्षरं बघितली, तेव्हापासून फार लाज वाटते."

मामा शिक्षेची वाट बघत बसले. धाकटीने पेन उचललं.

"लिफ्ट सुरू झाली ती तारीख सांगा."

मामांनी सांगितली.

"रोज नव्वदच? एकही खरा नाही?"

"एकही नाही. एकदा बटण पडलं, ते शोधायला तळघरात एक जिना उतरलो होतो."

"उतरलेले धरत नाहीत." ती लिहायला लागली. बसून काम करणाऱ्या या वयाच्या माणसाला दोन हजार. खाल्ले चौतीसशे. जास्तीचे चौदाशे, आठवड्याचे सहा दिवस. गुरुवारचे वजा, टेकडीचे अधिक. पेन झरझर चाललं होतं. शेवटी तिने खाली दोन रेघा मारल्या आणि आकडा पुन्हा एकदा तपासला.

"पाच किलो शंभर ग्रॅम," ती हळूच म्हणाली. "माझ्या गणिताप्रमाणे तुमचं वजन पाच किलो शंभर ग्रॅम वाढायला हवं होतं. वाढलंय पाच किलो." ती उठून उभी राहिली. "बाबा, माझं बरोबर होतं! आई, माझं सगळं बरोबर होतं! फक्त बाबा चूक होते."

तिने बापाच्या गळ्यात हात टाकले. रागावली असती, तर मामांना सोसलं असतं. हे सोसणं जड गेलं. ते तिच्या खांद्यावर तोंड लपवून तसेच बसले आणि दारातून मामींचा आवाज आला, "पुरे. जेवायला बसव त्यांना. आज किती वाढू गं यांना?"

"थांब, नवीन कागद करते," धाकटी म्हणाली.

शुक्रवारी सादरीकरण झालं. मॅडमनी तिला वर्गात उभं करून शाबासकी दिली. माणूस खोटं बोलला, तरी वजनाचा हिशोब खोटं बोलत नाही, हे या मुलीने आकड्यांनी दाखवलं, असं त्या म्हणाल्या. प्रकल्पात मामांचं नाव नव्हतं, 'व्यक्ती क्रमांक एक' असा उल्लेख होता. पण धाकटीने आभाराच्या पानावर 'माझे बाबा' असं लिहिलं होतं, आणि वर्गातल्या एकोणतीस मुलींना दोन्हींची सांगड घालायला वेळ लागला नाही. पट्टा तिने काढून घेतला. पुढच्या प्रकल्पासाठी तो आता शेजारच्या न्हाव्याच्या हातावर होता.

फ्रिजवरचे कागदही बदलले. आता 'कामाचा दिवस' म्हणजे बसायचा दिवस, त्यामुळे त्याला सोळाशे. गुरुवारी मात्र मामी त्यांना माळ्यावरचं सामान काढायला, खिडक्या पुसायला, गाद्या उन्हात टाकायला लावायच्या, म्हणून सुट्टीच्या दिवसाला बावीसशे. मामा तक्रार करत नव्हते. त्यांना तोंडच उरलं नव्हतं. गुडघ्यावरचा ठेकाही त्यांनी सोडला होता. मामी दोन दिवस म्हणाल्या होत्या, प्रत्यक्षात नवव्या दिवशी बोलल्या, आणि तेही "मीठ द्या" एवढंच.

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी, लिफ्ट बंद पडली.

दुरुस्तीवाला आला, आत डोकावला, मान हलवली आणि आठवडाभर लागेल म्हणाला. साहेबांनी मामांकडे बघितलं. मामांनी निमूटपणे फायलींचा गठ्ठा उचलला. पाच किलोंपैकी चार अजून अंगावर होते, ते आणि फायली घेऊन मामा दिवसभरात किती मजले चढले, ते देव जाणे, मोजायला मनगटावर काही नव्हतं. चौथ्या खेपेला टायपिस्टबाईंनी त्यांना पाणी दिलं. नवव्या खेपेला खुर्ची दिली.

संध्याकाळी मामा भिंत धरूनच घरी आले. दारात त्यांनी पुन्हा एकदा वाक्य जुळवलं. आज लिफ्ट खरंच बंद पडली. त्यातला 'खरंच' त्यांना खटकला. त्यांनी तो काढून पाहिला, तर वाक्य आणखीच संशयास्पद वाटायला लागलं.

ताट वाढलेलं होतं. सोमवार, कामाचा दिवस. काकडी, उकडलेला घेवडा, पळीभर भात, अर्धं अंडं. मामा खुर्चीत बसायला गेले, तर गुडघे वाकेनात. टेबलाला धरून ते कसेबसे टेकले.

मामींनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. फोनवरून धाकटीनेही मान वर केली.

"पाय का लटपटतायत?" मामींनी विचारलं.

मामांनी बायकोकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, फ्रिजवरच्या कागदाकडे पाहिलं. खरं उत्तर जिभेवर होतं.

"बसून बसून अवघडलेत," ते म्हणाले.

दोघींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. आपला माणूस सुधारला, याची मामींना आज पहिल्यांदा खात्री पटली असावी, कारण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"असं सांगावं माणसाने खरं खरं," त्या म्हणाल्या आणि काकडीच्या दोन चकत्या त्यांच्या ताटात जास्तीच्या टाकल्या. "उद्या जरा स्टुलावरून उठत जा. दोन जिने चढा, दोन उतरा. बरं वाटेल."

"हो," मामा म्हणाले. "उद्या बघतो चढून."